एसएसएचवरून लांबच्या मशीनवरचं अ‍ॅप आपल्या स्क्रीनवर कसं उघडायचं

एखादं खिडकीवालं अ‍ॅप सर्व्हरवर चालवायचंय तर त्यासाठी तिकडचा अख्खा डेस्कटॉप ओढून आणायची गरज नाही, लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या एसएसएचमध्येच एक्स११ (लिनक्स-युनिक्सवर विंडो दाखवणारी व्यवस्था) फॉरवर्डिंगची सोय आहे, अ‍ॅप तिकडे चालतं आणि फक्त त्याची विंडो आपल्याकडे दिसते.

आधी एवढं डोक्यात बसवा, एक्स सर्व्हर, म्हणजे विंडो दाखवणारा प्रोग्रॅम, इथे तुमच्या समोरच्या मशीनवर चालतो, कारण स्क्रीन आणि कीबोर्ड त्याच्याकडे आहे. लिनक्स डेस्कटॉपवर तो बहुतेक असतोच, मॅकवर एक्सक्वार्ट्झ टाकावं लागतं, विंडोजवर मोबाएक्सटर्म घ्या, त्यात सगळं आतच येतं.

तिकडच्या मशीनवर दोन गोष्टी बघा. एसएसएचडीच्या (तिकडे एसएसएच लॉगिन स्वीकारणारा प्रोग्रॅम) कॉन्फिगमध्ये एक्स११ फॉरवर्डिंगपुढे 'येस' हवं (बदललंत तर सर्व्हिस रीस्टार्ट करा) आणि एक्सऑथ (विंडो दाखवायच्या परवानगीची किल्ली सांभाळणारं टूल) इन्स्टॉल हवं, डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवर नेमकं हेच राहून गेलेलं असतं.

मग नेहमीच्या एसएसएच कमांडमध्ये हायफन आणि कॅपिटल एक्स घालून लॉगिन करा. स्मॉल एक्स नको, त्याने फॉरवर्डिंग उलट बंद होतं! आत गेल्यावर डिस्प्ले व्हेरिएबल (विंडो कुठे दाखवायची हे त्यात असतं) एको कमांडने छापून बघा, लोकलहोस्ट:१०.० असं काहीतरी आलं की काम झालं, एक्सक्लॉक चालवा, घड्याळ दिसेल. रिकामं आलं तर बाहेर पडून हायफन स्मॉल व्ही लावून परत लॉगिन करा, कुठे अडलंय ते मेसेजमध्ये दिसतं.

पण रिकामं दिसलं म्हणून डिस्प्लेमध्ये हाताने आपला आयपी भरू नका आणि एक्सहोस्ट प्लस (स्क्रीनवरची प्रवेशाची अटच उठवणारी कमांड) तर अजिबात नको, हा सल्ला अजून फिरत असतो. त्याने ट्रॅफिक एसएसएचच्या सुरक्षित बोगद्याबाहेरून, एन्क्रिप्शनशिवाय जातो आणि तुमची स्क्रीन कुणालाही मोकळी होते.

काही अ‍ॅप्स कॅपिटल एक्सवर एरर देऊन मरतात, तेव्हा कॅपिटल वाय वापरा. मात्र त्यात तिकडच्या अ‍ॅपला तुमच्या डिस्प्लेवर पूर्ण मुभा मिळते, म्हणजे बाकीच्या विंडोत काय टाइप करताय तेही ते वाचू शकतं, त्यामुळे ज्या मशीनवर भरवसा आहे तिथेच. डेबियन लिनक्सवर दोन्ही मुळात सारखेच वागतात हेही लक्षात असू द्या.

स्लो वाटलं तर कॅपिटल सी लावून कॉम्प्रेशन चालू करा, थोडा फरक पडतो, पण खरं दुखणं लेटन्सीचं, म्हणजे डेटा जाऊन यायला लागणाऱ्या वेळाचं, प्रत्येक छोट्या गोष्टीला एक फेरी होते. शिवाय कनेक्शन तुटलं की अ‍ॅपही गेलं. लांबलचक काम असेल तर सरळ एक्सप्रा नावाचं टूल वापरा, त्यात नेट गेलं तरी अ‍ॅप तिकडे चालू राहतं आणि नंतर परत जोडता येतं.