समेची वाट न पाहता: पहिला ॲम्बियंट अल्बम कसा ऐकावा

अभंग, भावगीत आणि नाट्यगीतावर पोसलेला आपला बेळगावकडचा कान कोणत्याही नव्या संगीतात आधी मुखडा शोधतो आणि मग समेची वाट पाहतो. ॲम्बियंट, म्हणजे भोवतालात मिसळून जाणाऱ्या संगीताचा प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक अल्बम ऐकताना नेमकी हीच सवय आड येते. पहिल्या खेपेला मीही ‘अजून सुरू कसे होत नाही’ म्हणून दहा मिनिटांत फोन बाजूला ठेवला होता.

सुरुवात ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनो यांच्या १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’पासून करावी. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवलेले दहा राग ओळखीच्या नावांमुळे अधिक सोपे वाटतील. परंतु तिथे ठेका अखंड चालतो, कान आयता त्यावर स्वार होतो आणि थांबून ऐकण्याची सवय लागत नाही. तो अल्बम नंतर ऐकावा.

इनो यांच्या चार तुकड्यांपैकी दुसरा आधी लावावा. जवळपास नऊ मिनिटांच्या या तुकड्यात शब्दांविना लांबवलेले मानवी स्वर आहेत आणि प्रत्येक स्वर टोके जोडलेल्या टेपच्या वेगळ्या वेटोळ्यावर फिरत राहतो. एक स्वर साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा सुमारे सव्वीस, तर तिसरा सुमारे तीस सेकंदांनी. वडगाव-खासबागेत ज्यांचे घर यंत्रमागाला लागून आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही: शेजारचे दोन माग एकदमच सुरू केले तरी त्यांची खटखट हळूहळू मागेपुढे सरकते, क्षणभर जुळते आणि पुन्हा फाकते.

पहिल्या वेळी इयरफोन लावून एकच स्वर धरावा आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करून तो परतण्याची वाट पाहावी. तीन-चार फेऱ्यांनंतर तो सोडून दुसरा धरावा. दोन्ही ओळखीचे झाले की त्यांच्यामधले अंतर दर फेरीला बदलते आहे हे ध्यानात येते, आणि या संगीतात घडायचे ते तिथेच घडते.

दुसऱ्या वेळी इयरफोन काढून छोट्या स्पीकरवर, आवाज अगदी कमी ठेवून ऐकावे. १९७५ मध्ये अपघातानंतर अंथरुणावर पडलेल्या इनो यांना फार हळू आवाजात लागलेले हार्पचे संगीत बाहेरच्या पावसात मिसळून ऐकू आले आणि या प्रकाराची कल्पना तिथून सुचली. खानापूरकडच्या पागोळ्या त्यासाठी उत्तम. मात्र पत्र्याच्या छपराखाली ऐन आषाढात हा प्रयोग करू नये, कारण तिथे शेजारी बसलेल्याचे बोलणेही ऐकू येत नाही.

त्यानंतर सिंथेसायझरवरचा चौथा तुकडा घ्यावा. पियानोचा पहिला सुमारे सतरा मिनिटांचा, म्हणजे सर्वांत लांब आहे. तो शेवटी ठेवावा.