लेकरू वरच्या वर्गात गेलं, पण वाचतंय का? या चुका टाळा

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. १ मेला निकालपत्रक हातात पडलं की पालक श्रेणी बघतात, 'ब-१' म्हणजे बरं चाललंय म्हणतात आणि कागद घडी घालून खिशात टाकतात. चौथीपर्यंत कुणालाच मागं ठेवत नाहीत, त्यामुळं लेकरू पुढच्या वर्गात गेलं याचा अर्थ त्याला वाचता येतं असा होत नाही.

दुसरी फसगत पाठांतराची. पोरगं धडा घडाघडा म्हणतं, पण बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर! पुस्तक मिटा. बियाण्याच्या पिशवीवरचे किंवा लग्नपत्रिकेतले चार शब्द वाचायला द्या. 'कार्यालय', 'शुभेच्छा' अशा जोडाक्षरांवर अडलं, तर दुखणं तिथंच आहे.

गणितात उत्तर चुकलं की लाल फुली मारून मोकळं होऊ नका (आम्ही गुरुजीसुद्धा हेच करतो). ५२ मधून २७ वजा करायला सांगितलं आणि पोरानं ३५ लिहिलं, तर ते हुकलेलं नसतं. त्यानं सातातून दोन काढलेले असतात. मोठ्यातून लहान जातं, एवढाच नियम त्याला ठाऊक. ज्वारीच्या धाटाचे तुकडे करा, दहा-दहाच्या जुड्या बांधा. पाच जुड्या, दोन सुटे तुकडे. सात द्यायचे तर एक जुडी सोडावीच लागते. हातचा तिथं डोळ्यांना दिसतो. तसंच 'एकोणतीस'चं. पोरगं ३९ लिहितं, कारण कानावर 'तीस' पडतो. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस नऊ' आणलं, तेव्हा केवढी चेष्टा झाली! मला विचाराल तर सुरुवातीला दोन्ही म्हणून घ्यावं.

तांड्यावरच्या लेकराच्या घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. पहिलीत ते गप्प बसलं म्हणून 'मंद' ठरवू नका. वर्षभर जाऊ द्या.

सगळ्यात महागात पडतो तो ऊसतोडीचा हंगाम. दसरा-दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडं निघतात, सोबत पोरंही. जमलं तर लेकरू आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा. न्यायचंच असेल तर सरांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. न सांगता जाऊ नका.

आणि आम्हा शिक्षकांची चूक म्हणजे गुढीपाडव्याला परतलेल्या पोराला वर्ग ज्या पानावर आहे त्याच पानावर बसवणं. एका वर्षी फडावरून आलेलं तिसरीतलं एक पोरगं पाटीवर काही केल्या वजाबाकी करीना. सहज विचारलं, "बावन्न मोळ्या बांधल्या, सत्तावीस गाडीत भरल्या, फडात किती राहिल्या?" त्यानं बोटंसुद्धा मोडली नाहीत. "पंचवीस, सर."

मग आठवडाभर आमच्या वर्गात मोळ्याच चालल्या.