‘शिक्षण आणि समाज’ शिकवायला घेताना

पदवीच्या वर्गाला हा विषय पहिल्यांदाच शिकवणार असाल तर एक लक्षात असू द्या: समोरच्या प्रत्येकानं बारा-तेरा वर्षं शाळेत काढलेली असतात. शाळा त्यांना पाठ असते, म्हणूनच ती त्यांना दिसत नाही.

‘मेहनत केली की कुणीही पुढे जातं’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात येतं, आणि बहुधा खरोखर कष्टानं वर आलेल्या विद्यार्थ्याकडूनच. त्याला खोडू नका. विचारा, “तुझ्या बाकावर आणखी कोण बसायचं? ते आज काय करतात?” उत्तर देताना तो स्वतःच थांबतो. कोलमन अहवाल मी तेव्हा काढते. अमेरिकेत १९६६ साली सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीतून दिसलं की गुणांमधला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला असतो. पूर्वी मी हे आधीच सांगून टाकायचे. मुलं उतरवून घ्यायची, पुढे काही नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बूर्द्यूच्या ‘सांस्कृतिक भांडवला’चंही (घरातून आपसूक मिळालेली आणि शाळेत किंमत असलेली भाषा, सवयी, जाण) तेच. घरची बोली शाळेत कुणाची चालली, कुणाची दुरुस्त केली गेली, यावर आधी बोलू द्या. संज्ञा तासाच्या शेवटी द्या.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मी विचारलं, “कुणाकुणाचे आईवडील कॉलेजात गेले होते? हात वर करा.” मागच्या रांगेतल्या एका मुलीनं मान खाली घातली, पुढचे दोन तास ती आलीच नाही. विषमता शिकवता शिकवता मी ती भर वर्गात उघडी पाडली होती. तेव्हापासून असे प्रश्न फक्त निनावी चिठ्ठ्यांवर. चिठ्ठ्या मी मिसळते आणि एकूण आकडे तेवढे फळ्यावर लिहिते.

आपलाही वर्ग तपासा. बसण्याचा नकाशा काढून आठवडाभर, कोण बोललं तिथे खूण करा. माझ्या पहिल्या कागदावर बहुतेक खुणा पुढच्या दोन रांगांतच होत्या. तो कागद मी वर्गात फिरवला आणि विचारलं, “यात माझा वाटा किती, तुमचा किती?” ‘छुपा अभ्यासक्रम’ (पुस्तकात नसतं, पण वर्गातल्या रोजच्या रीतीतून मुलं शिकतात ते) त्या दिवशी शिकवून झाला.

मूल्यमापनात ‘स्पष्ट करा’चा एक प्रश्न कमी करा. त्याऐवजी आपल्या शाळेतला एकच नियम घेऊन, त्यानं कुणाचं सोपं झालं आणि कुणाचं अवघड, हे दोन पानांत लिहायला द्या.