साथीच्या काळातला अभ्यास: या चुका टाळा

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचं म्हटलं आणि पाहता पाहता वर्ग, ग्रंथालय, वसतिगृहातल्या गप्पा सगळं एका खोलीत, एका पडद्यावर येऊन बसलं. त्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, तरुणांना झळ जास्त बसली, असं याच संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. विद्यार्थी मात्र स्वतःलाच बोल लावत राहिले: मी आळशी झालोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लक्ष लागत नाही म्हणून अभ्यासाचे तास वाढवायचे, त्यासाठी झोप तोडायची, मग दुसऱ्या दिवशी लक्ष आणखीच उडतं. नवं वेळापत्रक आखू नका, आधी उठण्याची वेळ पक्की करा. झोपायला उशीर झाला तरी ठरल्या वेळी उठा आणि थोडा वेळ उजेडात जा. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. एरवी कॉलेज गाठायच्या घाईत हे आपोआप व्हायचं.

‘रेकॉर्डिंग आहे, नंतर बघू.’ हे नंतर उगवत नाही, साठलेल्या व्हिडिओंची धास्ती तेवढी वाढते. सगळं भरून काढायचा हट्ट सोडा. जुन्यातलं फक्त पुढच्या धड्याला लागणारं बघा आणि व्हिडिओ संपला की वही मिटून आठवेल ते लिहून काढा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून पाहणाऱ्यांच्या आठवडाभराने जास्त लक्षात राहिलं होतं. पुन्हा वाचताना सगळं येतंय असं वाटतं, तिथेच फसगत होते.

कॅमेरा बंद ठेवण्याला मी चूक म्हणणार नाही. तासन्‌तास स्वतःचाच चेहरा बघून कुणीही थकेल. पण मित्रांचे फोन टाळू नका. ‘कसा आहेस?’ला उत्तर देणं जड जात असेल तर ‘ही दोन उदाहरणं सोबत सोडवू’ म्हणा.

‘सगळ्यांचंच असं चाललंय’ म्हणून गप्प राहणं मात्र धोक्याचं. दोन आठवडे मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, तर समुपदेशक किंवा डॉक्टरांना भेटा. जगणंच नको वाटू लागलं तर एक दिवसही थांबू नका, लगेच जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची मदत घ्या. कॉलेजातल्या तुमच्या विभागालाही परीक्षेआधीच कळवा. मुदत वाढवून मागायची ती तेव्हाच. निकाल लागल्यावर शिक्षकांच्या हातात फारसं काही उरत नाही.