छातीत दुखतंय? ‘गॅस असेल’ म्हणून थांबू नका

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारला डिचोलीच्या मामांची छाती जड झाली. नेवऱ्या (करंज्या) बाधल्या, असं आम्ही सगळ्यांनीच ठरवलं. ओव्याचं पाणी झालं, लिंबूसोडा झाला, पाठीला बाम चोळून झाला. आठ वाजता घामाने बनियन चिंब झालं, तेव्हा कुठे गाडी काढली. मामा वाचले, पण त्या चार तासांत हृदयाचा जेवढा स्नायू मेला तेवढा गेलाच. आता घराच्या चार पायऱ्या चढतानाही त्यांना धाप लागते.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की हार्ट अटॅक येतो आणि पुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. छातीच्या मधोमध दाब, हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी कळ, थंड घाम, ही खूण ओळखा. मधुमेही माणसांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, अंगातलं त्राण जातं. काकी ‘चवथीच्या कामाने दमले’ म्हणाल्या तरी ईसीजी काढाच. पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे धोका टळला असं नाही. डॉक्टर तो पुन्हा काढतात, रक्त तपासतात.

दुसरी चूक आम्हीही केली: स्वतःच्या गाडीतून थेट बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठलं. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८ला फोन करायला हवा होता. गोव्यात हार्ट अटॅकसाठी ‘स्टेमी’ प्रकल्प आहे. त्यात छोट्या सरकारी इस्पितळातला ईसीजी गोमेकॉतल्या तज्ज्ञांना दाखवून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच सुरू करता येतं. सत्तरी किंवा काणकोणसारख्या लांबच्या तालुक्यातून निघणाऱ्याला त्या वेळेची किंमत फार मोठी आहे. रुग्णाला स्कूटरवर मागे बसवून तर नेऊच नका.

शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट (हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर माणूस कोसळतो. अ‍ॅस्पिरिनची गोळीही १०८वर किंवा डॉक्टरांना विचारूनच चघळायला द्या. जोरजोरात खोकून अटॅक थांबतो, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज खोटा आहे.

‘प्रेशर नॉर्मल आलं’ म्हणून गोळी बंद करणारे आमच्या वाड्यावरच किती तरी आहेत. अहो, ते गोळीमुळेच नॉर्मल आलंय!

पाय सुजतात ते दरवेळी उभं राहून नव्हे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, झोपताना एक उशी पुरेनाशी झाली, तर हृदय थकलंय का ते तपासून घ्या.

जेवणाबद्दल एवढंच: दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर. पेजेबरोबरचं खारं (खारवलेली सुकी मासळी), लोणचं आणि पापड मिळून ते तिथेच संपतं. ताज्या बांगड्याचं हुमण (माशाची आमटी) मात्र खुशाल खा, नारळ जरा बेताने घाला.

मामांच्या फ्रिजवर आता एक पाकीट लावलंय. त्यात गोळ्यांची यादी आणि शेवटचा ईसीजी आहे. पुन्हा वेळ आलीच तर नवा ईसीजी त्याच्याशी ताडून बघता येईल.