डॉल्फिन आवाजाने मासा गारद करतो का? प्रदर्शनासाठी प्रतिकृती

"डॉल्फिन आवाजाने मासे बेशुद्ध करतात" असा तक्ता लावायचा बेत असेल, तर वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह घाला. १९८३ साली नॉरिस आणि म्योल या संशोधकांनी ही कल्पना सविस्तर मांडली; मोजमापं मात्र तिच्या विरोधात गेली. २००६ मध्ये बास, कॉड आणि हेरिंग या माशांना डॉल्फिनसारखे टिकटिक आवाज २१३ डेसिबलपर्यंत ऐकवले, मासे ढिम्म. २००७ मध्ये माकूळ २२६ डेसिबललाही बधले नाहीत. म्हणून प्रतिकृतीत दोन भाग ठेवा: आवाज भक्ष्य शोधतो कसा, आणि भक्ष्याला खरोखर गारद करतं काय.

पहिल्या भागासाठी नागपूरच्या बर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून अर्डुइनो युनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि एचसी-एसआर०४ सेन्सर (प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) घ्या. सेन्सरची व्हीसीसी पिन बोर्डाच्या ५ व्होल्टला, जीएनडी बोर्डाच्या जीएनडीला, ट्रिग आणि इको दोन डिजिटल पिनांना जोडा. ट्रिगला १० मायक्रोसेकंदांचा स्पंद दिला की सेन्सर ४० किलोहर्ट्झच्या आठ लहरी सोडतो. इको पिनवरच्या स्पंदाचे मायक्रोसेकंद भागिले ५८ म्हणजे अंतर सेंटिमीटरमध्ये. दोन स्पंदांत ६० मिलिसेकंद तरी जाऊ द्या, नाहीतर आधीचा प्रतिध्वनी पुढच्यात मिसळतो आणि आकडे उड्या मारतात. समोर गोधडी धरली किंवा पुठ्ठा तिरका केला तरी अंतर चुकतं.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ५८ हा भाजक साधारण २० अंश तापमानासाठी आहे. मे महिन्यात ४५ अंशांत आवाज सेकंदाला सुमारे ३५८ मीटर धावतो, त्यामुळे १०० सेंटिमीटरवरची भिंत ९६ वर दिसते. सेन्सर बिघडलेला नसतो.

हा सेन्सर पाण्यात बुडवू नका. जलरोधक मिळतो तोही टबात फसतो: हवेत त्याला सुमारे २० सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, आणि पाण्यात आवाज चौपट वेगाने जात असल्याने तोच आंधळा पट्टा ८५-९० सेंटिमीटर होतो.

आता तक्त्यावरचं गणित. इथेच बहुतेक जण घसरतात: पाण्यातले २२६ डेसिबल थेट जेट विमानाशेजारी मांडतात. पाण्यात मोजणीचा पाया १ मायक्रोपास्कल (दाबाचं एकक), हवेत २०. तिथे २६ डेसिबलचा फरक. पाण्याचा ध्वनिरोध (आवाजाच्या लहरीला होणारा विरोध) हवेच्या सुमारे ३६०० पट, म्हणजे आणखी ३६. तेव्हा तीव्रतेची तुलना करताना ६२ वजा करा: उरतात १६४. हेही थोडे नाहीत, पण डॉल्फिनची एक टिक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षा कमी काळ टिकते, आणि १ मीटरवरची पातळी १० मीटरवर २० डेसिबलने उतरते. शिवाय भक्ष्याजवळ पोचल्यावर प्राणी टिकटिक जलद करतो आणि प्रत्येक टिकचा आवाज कमी करतो. बेशुद्धच करायचं असतं तर उलट केलं असतं!

दुसरा भाग: शेपटी. नॉर्वेच्या किनाऱ्याला किलर व्हेल (डॉल्फिनच्याच कुळातले) हेरिंगच्या थव्यात शेपटीचा फटका मारून मासे लुळे करतात आणि मग एकेक टिपतात. हेच दाखवायला ५० लिटरचा टब भरा; फुगे म्हणजे मासे, पाट म्हणजे शेपटी. तीन लहान फुग्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी भरून, हवा पूर्ण काढून गाठ मारा. फुगा वर आला तर आत चिमूटभर मीठ घाला, तळाला गेला तर हवेचा छोटा बुडबुडा राहू द्या. फुगा पाण्याच्या मधोमध ठरला पाहिजे. मग प्लास्टिकचा भाजी कापायचा पाट पूर्ण बुडवून फुग्यापासून चार बोटांवर सपकन आडवा फिरवा: स्पर्श न होता फुगा भेलकांडतो. पाट अर्धा बाहेर राहिला तर नुसतं पाणी उडतं. खरे मासे टबात अजिबात घालू नका.

फोन पिशवीत घालून पाण्यात गाणं वाजवायचं आणि "बघा, फुगा हलला नाही" म्हणायचं, हे टाळा. फोनचा आवाज डॉल्फिनच्या जवळपासही नसतो. परीक्षक तिथेच पकडतील. ते नांगीने टक्क करणाऱ्या कोळंबीबद्दलही विचारतील. ती भक्ष्याला खरंच गारद करते, पण नुसत्या आवाजाने नव्हे: नांगीच्या झटक्याने पाण्याचा झोत आणि बुडबुडा तयार होतो. तो बुडबुडा मिटताना आवाज होतो.