जिवंत कोलंबीची पेटी: खाडीत निघण्याआधी

गळाला आमिष म्हणून लावायची कोलंबी पेटीत जिवंत ठेवायची, तर आदल्या रात्री लिटरच्या तीन प्लास्टिकच्या बाटल्या पाण्याने भरा, वर चार बोटं जागा सोडा, झाकण घट्ट लावा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. हे पुढचं वाचायच्या आधी उठून ठेवा. बाकीचं सामान पहाटे आठवलं तरी चालतं, बर्फ पहाटे होत नाही. मागच्या खेपेला नेमक्या याच बाटल्या राहिल्या. जिताडा (खाडीतला मोठा मासा) गळाला चावायच्या ऐन वेळी पेटीतली कोलंबी पांढरी पडून तळाला गेली होती, आणि एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारा पंप, चालूच होता.

एअरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. शिवाय पाणी तापलं की कोलंबीला प्राणवायू जास्त लागतो. उन्हात पेटी तापत असेल तर बुडबुडे कितीही सोडा, पुरत नाहीत. म्हणून बाटल्या. बंद बाटल्याच, धक्क्यावरचा बर्फ फोडून टाकायचा नाही. तो वितळला की पेटीतलं पाणी गोडं होतं, आणि नळाच्या पाण्याचा असेल तर क्लोरिनही उतरतं. एका वेळी एकच बाटली सोडा. पाणी खाडीपेक्षा चार-पाच अंशांहून जास्त थंड झालं तर त्या धक्क्यानेही कोलंबी मरते.

एअरेटर रात्रीच चालवून बघा. जादा सेल घ्या. पेटीचं बूच बघा. गळ, दोर, पाणी, टोपी हे सांगायला नको.

पेटी होडीच्या मधोमध ठेवा आणि होडी तरंगल्यावरच भरा. ५० लिटर म्हणजे ५० किलो, आणि अर्धवट भरलेलं पाणी हिंदकळून होडी कलवतं. पाणी जिथे कोलंबीसाठी पाग (फेकायचं जाळं) टाकली तिथलंच, पण मधल्या धारेतलं. कांदळवनाच्या कडेचं गढूळ किंवा डिझेलची साय आलेलं नको. पेटीत जाळीचा तुकडा टाका, कोलंबीला धरून बसायला काहीतरी लागतं. गर्दी करू नका. मेलेली लगेच काढा, नाहीतर अमोनिया वाढून बाकीच्याही जातात. कात टाकलेली मऊ कोलंबी तर बाकीच्या खाऊनच टाकतात, ती आधी गळाला लावा. हाताला पेट्रोल किंवा सनस्क्रीन असेल तर पेटीत हात घालू नका. आमिषाला कोलंबीऐवजी बोय मासा असेल तर गोल पिंप घ्या, चौकोनी पेटीच्या कोपऱ्यात ती तोंड आपटून घेते.

ऊन चढलं की दर तासाला तिसरा हिस्सा पाणी बदला आणि दुसरी बाटली सोडा. बाटल्या ठेवल्यात ना फ्रीजरमध्ये?

पकडलेला मासा या पेटीत मुळीच नको. त्याची बुळबुळ आणि धाप दोन्ही आमिषाच्या जिवावर येतात. खायचा असेल तर लगेच रक्त काढून वेगळ्या बर्फात. सोडायचा असेल तर ओल्या हाताने तिथल्या तिथे सोडा. मोठा जिताडा सोडावाच, कारण तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. मोठी म्हणजे बहुधा अंड्यांची मादी.

परतताना उरलेली कोलंबी त्याच खाडीत सोडा. पंप गोड्या पाण्याने धुवा, बूच काढा, पेटी उघडी वाळत ठेवा.